पडवीत गाडी बांधायला घेताना

घरी गाडी बांधायला घेतलीत तर पहिल्या हंगामाचं उद्दिष्ट एकच धरा: मृग लागायच्या आत सांगाडा स्वतःच्या चार चाकांवर उभा राहिला पाहिजे. इंजिन सुरू नसलं तरी चालेल, सीट नसली तरी चालेल, रंगाचं तर नावच नको. पण ढकलली की सरकली पाहिजे. आपल्याकडे ७ जूननंतर उघड्यावर वेल्डिंग होत नाही, प्रायमर धड वाळत नाही आणि जमिनीवर पसरलेलं सामान बघता बघता गंजून जातं. चाकांवरची गाडी दोघंजण मिळून पडवीत लोटतात. सुट्या भागांची गाडी गणपतीपर्यंत भंगारवाल्याच्या तराजूवर जाते. अशी अर्ध्यावर सुटलेली कामं आमच्या पट्ट्यात मी बरीच पाहिली आहेत.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर होड्यांच्या इंजिनांची आणि शाफ्टची कामं करतो. घर पावसच्या बाजूला, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर. कलमांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या वर आणायला डोक्यावरच्या ओझ्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता, म्हणून भाच्याने आणि मी जुन्या ओम्नीवरून एक उघडी, मागे हौदा असलेली गाडी बांधली. खाली जे सांगतोय ते त्या कामातलं आहे. तुमची गाडी वेगळ्या घडणीची असेल, तरी क्रम हाच ठेवा.

विलायतेत किट कार म्हणजे कारखान्यातून चासी, बॉडी आणि काही जोड येतात. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल जुन्या गाडीतून काढून घ्यायचे. १९५७ च्या लोटस सेव्हन या हलक्या इंग्लिश गाडीमुळे हा प्रकार तिथे फोफावला, कारण तयार गाडीवर जो खरेदी कर लागायचा तो सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. १९७३ मध्ये ती गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि ती आजही बनते. तिकडे कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्सने १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर फायबरग्लासची बग्गी उभी केली. हा माणूस मुळात होड्या बांधणारा. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तयार संच आपल्याला इथे दुकानात मिळत नाही, पण संच बनवणारे हात आपल्या किनाऱ्यावर आहेत. फायबरच्या होड्या करणारे कारागीर हर्णैपासून मालवणपर्यंत आहेत, लेथ आहेत, ग्रील वाकवणारे आहेत, आणि ओळंबा धरणारा गवंडी तर प्रत्येक वाडीत आहे.

आधी कागदाचं बघून घ्या, म्हणजे पुढे मन खट्टू होणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय कुठलंही वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नव्या गाडीची नोंदणी व्हायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेत तपासून पास व्हावा लागतो. ते कंपन्यांचं काम आहे. एका घरच्या गाडीसाठी तो खर्च झेपत नाही. ‘जुन्या गाडीचं आरसी बुक आहे ना, त्याच नंबरवर चालवू,’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठासून सांगितलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून बांधलेली छोटी जीप सगळ्यांनी पाहिली. आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही म्हणून अधिकारी ती कधी ना कधी थांबवतील हेही लिहिलं, आणि २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली.

तेव्हा आपली गाडी आपल्या बागेत, आपल्या कुंपणाच्या आत. किनारासुद्धा सार्वजनिक जागाच आहे. शिवाय वेळास, गावखडी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या वाळूवर चाक जाताच कामा नये. डोनर म्हणून, म्हणजे भाग काढून घ्यायला, अख्खी जुनी गाडी विकत घेतलीत तर ती आधी आपल्या नावावर करून घ्या आणि तोडायच्या आधी आरटीओत जाऊन कलम ५५ खाली नोंदणी रद्द करण्याचं विचारा. चासी नंबर असलेला तुकडा कापून नीट जपून ठेवा. तो मागितला जातो.

डोनर कुठली घ्यावी यावर भाच्याचं आणि माझं बरंच चाललं होतं. त्याला मारुती ८०० हवी होती.

‘मामा, आठशे गल्लोगल्ली मिळते. पार्ट पण सगळे मिळतात.’

‘मिळते रे. पण ती पुढच्या चाकांनी ओढते. मागे पेट्या भरल्यास आणि चढाला लागलास की पुढचा भाग हलका होणार. मग ओढणार कोण?’

ओम्नीत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं तेच घराणं आहे, पण ताकद प्रोपेलर शाफ्टने मागच्या एक्सलला जाते. मागचा एक्सल अखंड आणि कमानपाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला. नवख्या माणसासाठी कमानपाट्यासारखी सोय नाही: दोन्ही बाजूंचे मिळून चार ब्रॅकेट जागेवर बसले की एक्सल आपोआप जागेवर येतो, वेगळे आर्म आणि त्यांचे कोन काढत बसावे लागत नाही. ही गाडी १९८४ ते २०१९ इतकी वर्षं बनत होती, त्यामुळे सामान तिचंही मुबलक आहे. तुम्हाला हलकी, दोन माणसांची, मागे इंजिन असलेली बग्गी करायची असेल तर मात्र ८०० चा पुढचा अख्खा गठ्ठा, इंजिनपासून चाकांपर्यंत, मागे बसवणं सोपं पडतं; तेव्हा त्या चाकांचे स्टिअरिंगचे टाय रॉड सांगाड्याला पक्के जखडायचे, नाहीतर मागची चाकं वळायला लागतील.

डोनर बघायला जाल तेव्हा पत्र्याकडे बघूच नका. पत्रा आपण कापूनच टाकणार. किनाऱ्यावरची, खालून चाळण झालेली पण इंजिन ठणठणीत असलेली गाडी मिळाली तर तीच घ्या, ती स्वस्त पडते. थंड इंजिन स्वतः चावी मारून सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी आत जातंय, हेड गॅस्केट तरी गेलं किंवा त्याहून वाईट. कॉम्प्रेशन गेज लावून तिन्ही सिलिंडर मोजा. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण तिघांत मोठी तफावत नको. चारही गिअर टाकून चालवून बघा. गाडी चालती असतानाच घ्यावी आणि चालती असतानाच तोडायला घ्यावी, म्हणजे पुढे काही बिघडलं तर ते आपल्या जोडणीतलं आहे हे कळतं.

आता मापं. गाडी आणली की सगळ्यांचे हात पान्याकडे धावतात. हात आवरा. एक भागही सुटा करायच्या आधी मापं घ्यायची आहेत, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं तिरकं.

गाडी कोब्यावर उभी करा, चारही टायरमध्ये हवा सारखी भरा. मग स्टँडवर घेऊन समतल करा. कोब्याला पाण्यासाठी उतार असतोच, म्हणून जमिनीवरून उंची मोजायची नाही. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी पाण्याने भरून भिंतीवर आणि चार खुंट्यांवर एकच पातळी मारून घ्या आणि सगळ्या उंच्या त्या रेषेपासून मोजा. त्यानंतर ओळंबा. पुढच्या स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या उभ्या खांबाचा) वरचा मध्य, खालच्या आर्मचे बोल्ट, कमानपाट्याचा पुढचा डोळा, मागचं शॅकल (पाट्याचा झुलता जोड), इंजिनचे माउंटिंग, गिअरबॉक्सचं माउंटिंग, स्टिअरिंग कॉलमचं खालचं टोक: प्रत्येक बोल्टच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, तो शांत होऊ द्यायचा आणि टोकाखाली खिळ्याने कोब्यावर बारीक फुली मारायची. खडूने नाही, खडू दोन दिवसांत पुसला जातो. शेजारी तेलरंगाने नाव आणि उंची लिहायची. पंखा बंद ठेवा. खाऱ्या वाऱ्याची झुळूक आली तरी ओळंबा डोलतो, म्हणून हे काम आम्ही पहाटे केलं.

सगळ्या फुल्या झाल्या की गाडी बाजूला लोटा. जमिनीवर तुमच्या गाडीचा पूर्ण मापाचा नकाशा तयार असतो. आता डावा पुढचा ते उजवा मागचा आणि उजवा पुढचा ते डावा मागचा, असे दोन्ही कर्ण मोजा. २-३ मिलिमीटरचा फरक मापातला असू शकतो. त्याहून जास्त आला तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे, आणि मग मधली रेषा आखून दोन्ही बाजू सारख्या करून घ्याव्या लागतील. ओम्नीच्या पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर १८४० मिलिमीटर आहे. ते आहे तेवढंच ठेवा. लांबवलंत की प्रोपेलर शाफ्ट नवा करून बॅलन्स करावा लागतो, हँडब्रेकची केबल पुरत नाही, गिअरचे रॉड पुरत नाहीत. आम्ही सीट, पेडल, स्टिअरिंग, इंजिन सगळं मूळ जागी ठेवलं आणि मागची मोकळी जागा हौद्याला दिली. फक्त एक लक्षात असू द्या: या गाडीत चालवणाऱ्याचे गुडघे अगदी गाडीच्या नाकाशी असतात, तेव्हा पुढे गुडघ्यांच्या उंचीला भक्कम आडवी नळी हवीच.

सुटं करताना बॅटरी आणि पेट्रोल आधी बाहेर. वायरिंग कापायचं नाही. प्रत्येक जोडाला चिकटपट्टीवर नाव लिहून अख्खं हार्नेस उचलून घ्यायचं. प्रत्येक भागाचे बोल्ट त्याच्याच पिशवीत. इंजिन उचलायला चेन पुली लागेल. ती आंब्याच्या फांदीला बांधू नका, आंब्याचं लाकूड सांगून मोडत नाही. जाड पाइपांची तिपाई करा. आणि गाडीखाली जायचं असेल तर लोखंडी स्टँडच लावा. आपल्याकडे सवय असते, दोन चिरे सरकवले की झालं. जांभ्याचा चिरा भिंतीत पिढ्यान् पिढ्या टिकतो, पण जॅकसारखा एका बिंदूवर भार आला की कोपऱ्यातून भुगा होतो. गाडीखाली चिरा असेल तर माणूस नको.

नळ्या आम्ही आंबा घाटावरून, कोल्हापुरातून आणल्या. सहा मीटरच्या लांबीत येतात, म्हणून कापायच्या तुकड्यांची यादी आधी करा आणि एका लांबीत कुठले तुकडे बसतात ते मांडून मगच मागणी द्या. मुख्य दोन कण्यांना ५० बाय ५० ची चौकोनी, ३ मिलिमीटर जाडीची. आडव्या आणि तिरक्या आधारांना २५ बाय २५ ची, २ मिलिमीटरची. लोटस सेव्हनसारख्या हलक्या गाड्यांचे सांगाडे १.६ मिलिमीटरच्या २५ बाय २५ मध्येच होतात, पण रॉडच्या वेल्डिंगने तेवढ्या पातळ नळीला भोक पडतं. शिकणाऱ्याने २ मिलिमीटर घ्यावी. दुकानदार सांगेल ती जाडी खरी मानू नका. वजन करा. ५० बाय ५० बाय ३ ची सहा मीटरची लांबी साधारण साडेसव्वीस किलो भरते, २५ बाय २५ बाय २ ची पावणेनऊ किलोच्या आसपास. वजन बरंच कमी भरलं तर नळी पातळ आहे. नळाची जी. आय. पाइप मात्र घेऊ नका. तिच्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, त्या धुराने थंडी वाजून ताप येतो, आणि सांधाही सच्छिद्र होतो.

डोक्यावरच्या रोल बारला वेगळा हिशेब. मोटार स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची अडीच मिलिमीटर जाड, किंवा ५० ची २ मिलिमीटर जाड सीमलेस नळी धरतात आणि वाक व्यासाच्या तिप्पट त्रिज्येपेक्षा आखूड चालत नाही. सड्याच्या उतारावर गाडी उलटण्याची भीती खरी असते, तेव्हा हे आकडे मी जसेच्या तसे पाळले. वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडलेली नळी परत करा.

वेल्डिंगसाठी दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पुरतं. गावात संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं आणि रॉड चिकटायला लागतो, म्हणून काम सकाळी करा आणि एक्स्टेन्शनची वायर जाड व आखूड ठेवा. २ मिलिमीटरच्या नळीला २ मिलिमीटरचा ६०१३ रॉड, ४० ते ६० अँपिअरच्या दरम्यान. रॉड आपल्या हवेत ओल धरतात. बंद पडलेल्या फ्रिजच्या खोक्यात जुना पिवळा बल्ब पेटता ठेवून त्यात ठेवा. गाडीला हात लावायच्या आधी त्याच नळीचे तुकडे जोडून सराव करा. जोडलेला तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून हातोड्याने मोडा. सांधा सुटून आला तर अजून सराव हवा. नळी वाकली आणि सांधा तसाच राहिला तर तुमचा हात बसला. रोल बार आणि कमानपाट्यांचे ब्रॅकेट तरीही एखाद्या जाणत्या वेल्डरकडून करून घ्या. बंदरावर असे लोक आहेत आणि ते शिकवायलाही राजी असतात. झापांच्या मांडवाखाली किंवा गवताच्या उडवीजवळ ग्राइंडर चालवायचा नाही, आणि पाण्याची बादली नव्हे, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवायचा.

सांगाडा समतल टेबलावर बांधायचा. १८ मिलिमीटरचा मरीन प्लायचा आठ बाय चारचा तुकडा चौकटीवर पाणसळीत बसवला की झालं. कोब्यावरच्या फुल्या त्यावर उतरवून घ्या. सगळ्या नळ्या आधी नुसत्या टॅकवर, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर, उभ्या करा. गुण्या लावा, कर्ण मोजा, पाटे आणि स्ट्रट प्रत्यक्ष अडकवून बघा. मग पूर्ण वेल्ड, पण एका कोपऱ्यात बसून नाही: डावीकडे थोडं, मग उजवीकडे मागे, मग पुढे. वेल्ड गार होताना ओढतो. एकाच बाजूला मारत गेलात तर सांगाडा केळीच्या घडासारखा वाकतो. दर थोड्या वेळाने कर्ण पुन्हा मोजा.

घासलेली नळी समुद्राजवळ एका रात्रीत तांबूस होते, अगदी थंडीच्या दिवसांतही. त्यावर थेट रेड ऑक्साइड फासून उपयोग नाही, कारण पृष्ठभागावर न दिसणारं मीठ बसलेलं असतं आणि ते प्रायमरखाली फुगे काढतं. तारेच्या ब्रशने घासा, विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी, हवेत दमटपणा चढायच्या आत, होड्यांना लावतात तो इपॉक्सी प्रायमर दोन हात द्या. नळ्यांची उघडी टोकं पत्र्याने वेल्ड करून बंद करा. आत हवा-पाणी गेलं नाही तर आतून गंज चढत नाही. बोल्टसाठी भोक पाडाल तिथे मात्र आत मेणाचा फवारा हवा आणि सगळ्यात खालच्या बिंदूला निचऱ्याचं भोक हवं.

मग एक्सल, पाटे, स्ट्रट, स्टिअरिंग, चाकं. इंजिनच्या आधी ब्रेक. ब्रेकचे पाइप, होस आणि सिलिंडरचे किट नवेच घाला. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ३ चा नवा डबा २०५ अंशांवर उकळतो, पाणी प्यायलेला १४० वर, आणि उतारावर ब्रेक तापले की हाच फरक जीवावर येतो. उघडा राहिलेला डबा वापरू नका. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती पुढे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, दोरीने बघता येतो: दोन्ही बाजूंना गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणा, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर मोजा आणि दोन्ही चाकांचं मिळून पुढे २ मिलिमीटर आत घेऊन सुरुवात करा.

आमची गाडी मे संपता संपता अशी उभी राहिली. भाच्याने दरवाजापासून अंगणाच्या टोकापर्यंत ती एकट्याने ढकलत नेली, पाय ब्रेकवर ठेवून जागच्या जागी थांबवली आणि पुन्हा ढकलत आणली. काकी पायरीवर बसून बघत होती. ‘आवाज कधी करणार ही?’ एवढंच तिने विचारलं.

पावसाळ्यात पडवीत ताडपत्री गाडीला चिकटवून गुंडाळू नका, आत घाम धरतो. वर दोरी बांधून मांडवासारखी सोडा आणि खालून वारा खेळू द्या. या चार महिन्यांत हार्नेस प्लायवर पसरून एकेक दिवा लावून तपासा, कार्बोरेटर उघडून साफ करा, क्लच प्लेट बघा. फायबरचे मडगार्ड करायचे असतील तर साचा आताच घडवून ठेवा, पण रेझिनचं काम पाऊस गेल्यावरच. दमट हवेत ते नीट बसत नाही. ते करताना हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर बसावं म्हणून घालतात ते) एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी. आणि रोल बारची नळी वाकवायला द्यायची असेल तर श्रावण लागायच्या आत द्या, गणपतीच्या तोंडावर ग्रीलवाल्यांकडे घरांच्या कामांची रांग लागलेली असते.